कंपन्यांचा सामाजिक निधी आणि मेळघाटातील आरोग्यसेवा

सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातील सिपना नदीकाठचे गाव. परतवाडा-धारणी मार्गावरील हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येते. कोरकू वस्तीच्या या परिसरात मोठा कारखाना नाही. उद्योगांकडून आरोग्यकार्यास मिळणाऱ्या निधीचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात. कुपोषण निर्मूलन व आरोग्यसेवा यांचा कायद्याच्या सातव्या अनुसूचीत समावेश आहे. मात्र कंपनीने आपल्या कार्यक्षेत्रालगतच्या भागास प्राधान्य द्यावे, असेही कलमात म्हटले आहे. ही अट सक्तीची नाही, असा खुलासा शासनाने २०२१ मध्ये केला. तरीही जेथे कारखाने तेथे निधी, हाच कल स्वाभाविकपणे राहतो. सेमाडोहच्या वाट्याला त्यामुळे काय येणार, हे सांगावयास नको.

निधी घेणाऱ्या न्यासास वा संस्थेस आयकर कायद्याखालील नोंदणी, तीन वर्षांचा कार्यानुभव आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी निबंधकांकडील स्वतंत्र नोंदणी आवश्यक झाली. धर्मभगिनींचे लहान दवाखाने चालविणाऱ्या आपल्या न्यासांनी ही कागदपत्रे आधीच सिद्ध ठेवलेली बरी.

डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाचा प्रश्न वेगळा, आणि अधिक नाजूक. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुणांक मिळवावे लागतात. अशी व्याख्याने बहुधा शहरांत होतात आणि त्यांचा खर्च पुष्कळदा औषध कंपन्या उचलतात. येथे दान कोठे संपते व विक्री कोठे सुरू होते? भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू व प्रवासखर्च घेण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशा भेटींवरील खर्चास करसवलत नाकारली. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने परदेशातील कार्यक्रमांवर बंदी घातली. वैद्यकीय महाविद्यालये वा डॉक्टरांच्या संघटनांमार्फत होणाऱ्या शिक्षणास मात्र वाव ठेवला आहे.

मेळघाटात शिक्षण म्हणजे केवळ डॉक्टरांचे नव्हे. धारणीनजीक उतावली येथे डॉ. आशीष व डॉ. कविता सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातील स्त्रियांना बालकांच्या घरगुती आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. अशा स्त्रियांना गुणांक लागत नाहीत. त्यांना लागते नियमित मानधन, आणि देणगीदारास इमारतीवर पाटी लावणे अधिक सोपे वाटते.

आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. कुपोषित बालकांचा कठीण काळ पावसाळ्यात येतो. एका वर्षाचे अनुदान संपून नवे येण्यापूर्वीच तो सुरू झालेला असतो. आरंभीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालणारा प्रकल्प नियमांना मान्य आहे. अर्ज करताना संस्थांनी तोच मागावा.