नांदगावचं लुकअप टेबल

काशीदहून मुरुडकडे जाताना नांदगाव लागतं. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, कारण पुढे जंजिरा बघायचा असतो. या गावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढची साडेतीनशे वर्षं महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं त्याच्याच गणितावर निघत राहिली. तुमच्या-माझ्या खापरपणजीनं एकादशीचा उपास नेमका कुठल्या दिवशी धरायचा, हे अशा रीतीनं नांदगावात ठरलं होतं.

माझा पत्रिकेवर विश्वास नाही. शनी कुणाच्या मागे लागतो असंही मला वाटत नाही. मी पोटासाठी कोड लिहितो, आणि 'ग्रहलाघव'कडे मी गेलो तो कोड म्हणून. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या जाडजूड पुस्तकात त्याचं वर्णन वाचलं आणि लक्षात आलं, की हा माणूस आमच्याच धंद्यातला आहे. कमीत कमी मेमरी, कमीत कमी गुणाकार, आणि उत्तर वेळेवर.

आधी अडचण काय होती ते बघू. आज मंगळ कुठे आहे हे काढायचं, तर एका ठरावीक क्षणापासून आजपर्यंत किती दिवस गेले ते मोजायचं. याला अहर्गण म्हणतात. मंगळ एका दिवसात सरासरी किती सरकतो ते माहीत असतं, त्यानं गुणायचं. सिद्धांतग्रंथांमध्ये ही मोजणी कल्पाच्या आरंभापासून होते. तिथून आजपर्यंतचे दिवस म्हणजे बारा आकडी संख्या! कलियुगापासून मोजले तरी १५२० पर्यंत साधारण १६ लाख ८८ हजार दिवस होतात. पाटीवर धूळ पसरून, बोटानं आकडे लिहून आणि पुसून हे गुणाकार करायचे, तेही प्रत्येक ग्रहासाठी वेगळे. म्हणून करणग्रंथ निघाले. आपल्या काळाजवळचा एक आरंभदिवस धरायचा आणि तिथून मोजायचं. भास्कराचार्यांनीही ११८३ मध्ये 'करणकुतूहल' लिहिलं होतं. पण करणग्रंथही जुना होतो आणि दिवसांची संख्या पुन्हा फुगत जाते.

गणेश दैवज्ञांनी यावर जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी ११ वर्षांचं एक चक्र धरलं. ११ वर्षांत साधारणपणे ४ अधिकमास येतात, म्हणजे एकूण १३६ चांद्रमास. १३६ ला २९.५३०५९ नं गुणून बघा, ४०१६.१६ येतं. म्हणून चक्र ४०१६ दिवसांचं. आता शकातून १४४२ वजा करा आणि ११ नं भागा. भागाकार म्हणजे किती चक्रं झाली, आणि बाकीवरून अहर्गण. तो कधीच चार आकड्यांच्या वर जात नाही. एका चक्रात प्रत्येक ग्रह किती हलतो ते ग्रंथात आधीच काढून दिलेलं आहे. सूर्याचं घ्या. ११ सौरवर्षं म्हणजे सुमारे ४०१७.८५ दिवस, त्यामुळे ४०१६ दिवसांत सूर्य पूर्ण ११ फेऱ्यांना थोडा कमी पडतो. किती? १ अंश ४९ कला ११ विकला. (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला.) चक्रांच्या संख्येनं याला गुणायचं आणि वजा करायचं, काम झालं. मॉड्युलो ऑपरेटर आणि आधी काढून ठेवलेली व्हॅल्यू, एवढंच. हेच आम्ही कोडमध्ये केलं की प्रमोशन मागतो.

पण सरासरी जागा पुरत नाही. सूर्य वर्षभर एकाच वेगानं चालत नाही (खरं तर पृथ्वी चालत नाही, पण आकाशात दिसतं ते तसंच). त्यासाठी एक दुरुस्ती लागते आणि तिच्यात ज्या, म्हणजे साइन, येते. साइन आली की कोष्टक आलं, कोष्टकाच्या दोन ओळींमधलं गणित आलं. गणेश दैवज्ञांनी ठरवलं की ज्या वापरायचीच नाही, आणि ते सगळ्या ग्रंथभर पाळलं.

सूर्याची रीत अशी: मंदोच्चापासूनचं अंतर ० ते ९० अंशांत आणा. त्याला ९ नं भागा. आलेली संख्या २० मधून वजा करा, आणि त्या दोन संख्यांचा गुणाकार करा. त्या गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करा आणि जे उरेल त्यानं गुणाकाराला भागा. फोनचा कॅल्क्युलेटर काढा आणि ४५ अंश घेऊन बघा. ४५ भागिले ९ म्हणजे ५, २० उणे ५ म्हणजे १५, गुणाकार ७५. त्याचा नववा भाग ८.३३, तो ५७ मधून गेला की ४८.६७. ७५ भागिले ४८.६७ म्हणजे १.५४१ अंश. खरी साइन वापरली तर १.५३८ येतं. मी ० ते ९० पूर्ण फिरवून पाहिलं, फरक कुठेही अर्ध्या कलेपेक्षा जास्त नाही. सूर्याचं बिंब ३२ कलांचं असतं, म्हणजे बिंबाच्या साठाव्या भागाइतकीही चूक नाही.

हे सूत्र आभाळातून पडलेलं नाही. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करानं साइनचं एक अंदाजी सूत्र दिलं होतं. त्यात सूर्याचा कमाल फरक २ अंश साडेदहा कला मिसळून, छेद देऊन, आकडे गोल केले की हे २०, ९ आणि ५७ बाहेर पडतात. चंद्राचे ३०, २० आणि ५६ असेच निघतात.

ग्रहांसाठी तर सरळ कोष्टकच आहे, दर १५ अंशांना एक आकडा. मंगळाच्या शीघ्रफलाचे आकडे बघा: ५८, ११७, १७४, २२८, २७९, ३२५, ३६५, ३९३, ४००, ३६८, २४९, ०. यांना १० नं भागलं की अंश मिळतात. दशांश चिन्ह नसलेल्या जगात हे फिक्स्ड पॉइंट गणित आहे. मधल्या जागांसाठी त्रैराशिक. आकडे ४०० पर्यंत हळूहळू चढतात आणि मग तीन पायऱ्यांत धाडकन शून्यावर येतात. त्या उतारात मंगळ वक्री होतो, म्हणजे आकाशात उलटा जाताना दिसतो. प्रत्यक्षात आपण आतल्या मार्गिकेतून त्याला ओव्हरटेक करत असतो. म्हणजे 'मंगळाचं शीघ्रफल' हे मुख्यतः पृथ्वीच्याच गतीचं कोष्टक आहे, फक्त मंगळाच्या नावावर लावलेलं. याच काळात पोलंडमध्ये कोपर्निकस नेमकी हीच गती ग्रहांच्या खात्यातून काढून पृथ्वीच्या खात्यात टाकत होता. त्याचं पुस्तक छापून आलं १५४३ मध्ये. नांदगावात तो प्रश्न कुणी विचारला नाही, आणि पुढच्या एकादशीसाठी विचारायची गरजही नव्हती.

इथपर्यंत हुशारी झाली. खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती वडिलांपासून सुरू होते. गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाश बघणारे होते. त्या काळी सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष होते. त्यांचे ग्रह एकमेकांशी जुळत नसत आणि आकाशाशीही पूर्ण जुळत नसत. केशवांनी 'ग्रहकौतुक'मध्ये कुठला ग्रह कुठल्या पक्षानं बरोबर येतो याची नोंद केली. शिवाय लिहून ठेवलं, की पुढेही फरक पडत जाणार आहे, तेव्हा पुढच्या गणकांनी ग्रहांच्या युती, उदय आणि अस्त प्रत्यक्ष पाहून नवं गणित करावं.

मुलानं ते तसंच पाळलं. 'ग्रहलाघव'मध्ये सूर्य सौर पक्षाचा आहे. चंद्र सौरच, पण ९ कला कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्य पक्षाचे. शनी आर्यच, पण ५ अंश वाढवून. बुधाचं केंद्र ब्राह्म पक्षाचं, आणि शुक्राचं ब्राह्म व आर्य यांच्या बरोबर मधलं. ही निष्ठा कुठल्याही पक्षाची नाही. परंपरेनं चालत आलेल्या शनीला हा माणूस बिनदिक्कत ५ अंश ढकलतो, कारण तो तिथे दिसतो. 'आपल्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं' अशा फॉरवर्डना आणि 'पंचांग म्हणजे निव्वळ थोतांड' म्हणणाऱ्यांना, दोघांनाही मी हाच शनी दाखवतो.

मग माशी कुठे शिंकली? चंद्राच्या सूत्रात. त्याचा कमाल फरक येतो ५ अंश १ कला ४० विकला. आज आपल्याला माहीत आहे की सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या गतीत आणखी हेलकावे असतात. सगळ्यात मोठा हेलकावा सव्वा अंशाचा. अमावास्या आणि पौर्णिमेला तो मुख्य फरकातून असा वजा होतो की एकूण बरोबर ५ अंश उरतात. अष्टमीच्या सुमारास मात्र तो मिळवला जातो आणि एकूण साडेसात होतात. म्हणजे सूत्र पौर्णिमेला उत्तम आणि अष्टमीला अडीच अंशांपर्यंत चूक. तिथीच्या भाषेत हा फरक पाच तासांचा. एकादशीही त्याच पट्ट्यात येते.

इतकी वर्षं हे टिकलं, कारण गणिताची जाहीर परीक्षा व्हायची ग्रहणाला. गावभर लोक नदीवर उभे, वेळ चुकली की जोशीबुवांची फजिती. आणि ग्रहण होतं फक्त अमावास्येला किंवा पौर्णिमेला! टेस्ट नेमक्या त्याच दोन ठिकाणी लिहिलेल्या जिथे कोड बरोबर चालतो. अष्टमीचा चंद्र मोजून जोशीबुवांना कोण विचारणार? खरं तर चंद्राच्या या दुसऱ्या दुरुस्तीसारखं काहीतरी दहाव्या शतकात मुंजालानं दिलं होतं. ते रोजच्या पंचांगात कधी आलं नाही.

आणि 'ग्रहलाघव' सोपा होता. ज्या नको, मोठे गुणाकार नकोत, आकाशाकडे बघायचीही गरज नाही. १५२५ मध्ये गणेश दैवज्ञांनी 'तिथिचिंतामणी'ची कोष्टकं दिली, त्यानं पंचांग करणं आणखी हलकं झालं. मल्लारी आणि विश्वनाथ यांनी टीका लिहिल्या, उदाहरणं सोडवून दाखवली. पण केशवांची सूचना अमलात आणणारा पुढचा गणक महाराष्ट्रात तीनशे वर्षं आला नाही. आमच्याकडेही अशी एक फाइल असते. ती चालते, म्हणून तिला कुणी हात लावत नाही. पुढे तिच्यातल्या आकड्यांचं कारण सांगणारा माणूसही उरत नाही.

१८६० च्या दशकात केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी युरोपीय गणितावरून ग्रहसाधनाची मराठी कोष्टकं केली आणि १८६५ पासून नवं पंचांग सुरू केलं. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी. नव्या गणितानं चंद्र जागेवर आला आणि वाद पेटला. जुन्या गणितानं तिथी फार तर ६५ घटिकांची आणि कमीत कमी ५४ घटिकांची येते. ६० घटिकांच्या दिवसाहून ५ जास्त किंवा ६ कमी, म्हणून 'बाणवृद्धी रसक्षय' असा नियमच रूढ झाला होता आणि धर्मशास्त्राचा व्रतनिर्णय त्याला टेकलेला होता. खऱ्या चंद्राची तिथी साधारण ५० ते ६७ घटिकांची असते. विरोधकांचं म्हणणं असं, की ही तिथी नियमात बसत नाही, सबब ती अशास्त्रीय. चंद्राच्या सूत्रातली उणीव एव्हाना चंद्रालाच लागू होणारा नियम झाली होती.

त्या लोकांना मूर्ख म्हणायला मी तयार नाही. श्राद्ध चुकीच्या तिथीला झालं तर बापाला पोचत नाही असं मानणाऱ्या माणसाला, 'तुझ्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या चुकीच्या दिवशी केलं' हे सांगणं सोपं नसतं.

दुसरा वाद राशिचक्र कुठून सुरू करायचं याचा. 'ग्रहलाघव'मध्ये अयनांश, म्हणजे वसंतसंपात आणि राशिचक्राचा आरंभ यांच्यातलं अंतर, शके ४४४ ला शून्य धरून वर्षाला एक कला वाढतो. प्रत्यक्षात संपात सरकतो ५० विकलांनी. पण ग्रंथातलं सौरवर्षही नक्षत्रवर्षापेक्षा साडेतीन मिनिटांनी मोठं आहे. तेवढ्या वेळात सूर्य साडेआठ विकला चालतो, त्यामुळे बेरीज ५९ च्या आसपास जाते. एक चूक दुसरीला जवळजवळ खाऊन टाकते. केरूनानांनी आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरला आणि त्यांचा अयनांश जुन्यापेक्षा सुमारे ४ अंशांनी कमी निघाला. सूर्याला ४ अंश चालायला ४ दिवस लागतात. संक्रांत तेवढी हलली की काही वर्षी अधिकमासच बदलतो. टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या घरांत म्हणूनच एखाद्या वर्षी गणपती आणि दिवाळी इतरांच्या महिनाभर आधी येतात.

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं एक राष्ट्रीय दिनदर्शिका दिली, २२ मार्च १९५७ पासून. आकाशवाणीवर तिची तारीख ऐकू येते, घरात कुणी विचारत नाही.

आता पंचांग फोनमध्ये आहे. अनेक ॲपमधले ग्रह शेवटी नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या कोष्टकांवरून येतात. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले आहेत. त्यांच्यावर लेझर मारून चंद्राचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि त्यावरून काही वर्षांनी कोष्टकांची नवी आवृत्ती निघते. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्तीचा क्रमांक ४४० आहे. चंद्राबद्दल आता भांडण नाही. अयनांशाचं मात्र अजून आहे. तुमच्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बघा, बऱ्याच ॲपमध्ये त्या नावाचा एक ड्रॉपडाउन सापडेल. त्यात पाच-सहा नावं असतात, आणि पहिलं बहुधा लाहिरी.