विकास योजना, बृहन्मुंबईची

भावी लोकसंख्येला लागणारी घरे, रोजगार, रस्ते व सार्वजनिक सुविधा यांसाठी महानगरपालिकेने आपल्या हद्दीतील जमिनीच्या वापराची केलेली कायदेशीर पूर्वआखणी. तीत जमिनीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक इ. विभाग पाडण्यात येतात आणि शाळा, रुग्णालये, क्रीडांगणे, रस्ते यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात.

मुंबईत जमिनीच्या नियोजनाला चालना मिळाली, ती १८९६ च्या प्लेगमुळे. दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ (सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. दादर, माटुंगा येथील आखीव वसाहती ही त्याची देणगी होय. १९३३ मध्ये हे मंडळ महानगरपालिकेत विलीन झाले. दरम्यान १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने ‘नगररचना योजना’ ही पद्धत रूढ केली. तीनुसार वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून रस्ते व मोकळ्या जागा काढल्या जात आणि उरलेल्या जमिनीचे नियमित भूखंड मूळ मालकांना परत देण्यात येत. मात्र अशी योजना ठराविक भागापुरती असे; संपूर्ण शहराचा विचार तीत नव्हता. तसा विचार एन्. व्ही. मोडक व ॲल्बर्ट मायर यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या बृहद्आराखड्यात आढळतो. तथापि त्याला कायद्याचे बळ नव्हते.

ही उणीव १९५४ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने भरून काढली व विकास योजना तयार करणे स्थानिक संस्थांना बंधनकारक झाले. १९५० व १९५७ मध्ये उपनगरे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. या विस्तारित क्षेत्राची पहिली विकास योजना १९६४ मध्ये तयार झाली आणि १९६७ मध्ये तीस मंजुरी पूर्ण झाली. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा नियोजनाचा आधार ठरला.

या अधिनियमानुसार महानगरपालिका प्रथम योजना करण्याचा इरादा जाहीर करते. नंतर जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा तयार होतो. लोकसंख्या व रोजगार यांचे अंदाज बांधून प्रारूप योजना प्रसिद्ध केली जाते व नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागविल्या जातात. स्थायी समितीचे काही सदस्य व तज्ज्ञ यांची नियोजन समिती त्यांची सुनावणी करते. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकाला नोटीस देऊन ते आरक्षण व्यपगत करून घेण्याचा मार्ग खुला होतो. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. परंतु संपादनासाठी पैसा नसलेल्या पालिकेच्या हातून बाग किंवा शाळेची जागा कायमची जाण्याचा धोकाही तीत आहे.

या आर्थिक अडचणीचा विचार दुसऱ्या योजनेत झाला. १९८१–२००१ या कालखंडासाठी आखलेली ही योजना १९९१ पासून टप्प्याटप्प्याने मंजूर झाली. म्हणजे तिचा निम्मा काळ मंजुरीपूर्वीच संपला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहरात १·३३ व उपनगरांत १ असा सर्वसाधारण निवासी चटई क्षेत्र निर्देशांक ठरविला. आरक्षित जमीन पालिकेला देणाऱ्या मालकाला रोख मोबदल्याऐवजी अन्यत्र वापरता येणारा हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोयही तीत होती. त्यामुळे पालिकेवरील भार हलका झाला. पण हे हक्क उपनगरांत वापरले जाऊन तेथील रस्ते व पाणीपुरवठा यांवरील ताण वाढला.

घरे व रोजगार यांचा संबंध गिरणगावात विशेष स्पष्ट झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कापडगिरण्यांचा ऱ्हास वेगाने झाला. अठ्ठावन्न गिरण्यांची सु. ६०० एकर जमीन शहराच्या मध्यभागी होती. १९९१ च्या नियमानुसार पुनर्विकासास काढलेल्या या जमिनीतून स्थूलमानाने एक-तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक-तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व उरलेली मालकासाठी, अशी वाटणी अपेक्षित होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुख्यतः आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली व सार्वजनिक वाटा पुष्कळ घटला. उच्च न्यायालयाने दुरुस्तीचा हा अर्थ अमान्य केला. मात्र सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये दुरुस्ती वैध ठरविली. ज्या जमिनीवर कामगारांचा रोजगार होता, तेथे कार्यालये व महागड्या सदनिका उभ्या राहिल्या.

तिसऱ्या योजनेचे २०१५ मधील प्रारूप त्यातील चुकांमुळे टीकेस पात्र ठरले व शासनाने त्याची फेररचना करावयास लावली. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये २०३४ पर्यंतची योजना मंजूर झाली. दहा लक्ष परवडणारी घरे व ऐंशी लक्ष रोजगार ही उद्दिष्टे तेव्हा घोषित झाली. ना-विकास क्षेत्राचा आणि मिठागरांचा काही भाग घरांसाठी खुला करण्याच्या तरतुदीवर पर्यावरणाच्या दृष्टीने आक्षेप घेण्यात आले.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या १२४ लक्ष लोकसंख्येपैकी सु. दोन-पंचमांश लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. कामाच्या ठिकाणापासून जवळ, परवडेल अशी जागा योजनेत न मिळाल्याने श्रमिकांनी ती योजनेबाहेर शोधली. नकाशावर जागा राखणे ही नियोजनाची पहिली पायरी होय; ती जमीन वेळेवर ताब्यात घेणे व ठरलेल्या कामासाठीच वापरणे यांवर विकास योजनेचे यश अवलंबून असते.