मोटारीविना वाटा : महाड-पोलादपूरच्या घाटांची कहाणी

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात क्लूनी नावाचे एक लहानसे गाव आहे. इ. स. ९१० मध्ये तेथे स्थापन झालेल्या बेनेडिक्टाईन मठामुळे हे नाव आपल्या वाचकांस अपरिचित नसावे. या क्लूनीवरून जाणारा एक लोहमार्ग कालांतराने बंद पडला. गाड्या थांबल्या, रूळ निघाले. पण ती पट्टी रानाच्या स्वाधीन झाली नाही. १९९७ मध्ये तिच्यावर पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी सुमारे ४४ किलोमीटरांची वाट खुली करण्यात आली. मोटारींना तेथे मज्जाव आहे. फ्रान्समधील अशा ‘हिरव्या वाटां’पैकी ही पहिली. पुढे इतर जुने लोहमार्ग, कालव्यांच्या काठच्या नावा ओढण्याच्या वाटा, शेताशेतांमधले खडीचे रस्ते यांचाही असाच उपयोग होऊ लागला. जाड टायरांच्या सायकली घेऊन माणसे तेथे दिवसचे दिवस हिंडतात.

हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुके उभे राहिले. मोटारीचा आवाज जेथे पोचत नाही अशा वाटा येथेही आहेत. त्या कोणास नव्याने बांधाव्या लागणार नाहीत. लोहमार्गाचा शोध लागण्यापूर्वी कित्येक शतके त्या वाहत्या होत्या. फरक इतकाच, की तेथे टाकून दिलेला मार्ग पुन्हा हाती घेतला गेला आणि येथे चालता मार्ग आपण हातचा सोडून देत आहोत.

महाडचे महत्त्व समजण्यासाठी सावित्री नदीकडे पाहावे लागते. महाबळेश्वरी उगम पावून ती पोलादपूर व महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत येत, आणि जेथे जलमार्ग संपे तेथे घाटमार्ग सुरू होई. या दोहोंच्या सांध्यावर महाड वसले. गावाजवळची गांधारपाले येथील सुमारे तीस बौद्ध लेणी या वाटेच्या प्राचीनतेची साक्ष देतात. किनाऱ्यावरचे मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून वर जाई. देशावरचे धान्य आणि गूळ खाली येई.

उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना या घाटांची नावे घ्यावीत : मढे, उपांडे, गोप्या, वरंधा, ढवळे, पार. मढे आणि उपांडे हे दोन्ही घाट केळद गावाहून कर्णवडीस उतरतात. तानाजी मालुसरे १६७० मध्ये सिंहगडावर पडले, तेव्हा त्यांचा देह मढे घाटानेच पोलादपूर तालुक्यातील उमरठ या गावी नेण्यात आला, असे परंपरा सांगते. गोप्या घाट शिवथरच्या खोऱ्यात उतरतो. ढवळे घाटाची वाट चंद्रगडाजवळून महाबळेश्वरच्या पठारावर चढते.

या सर्वांत पार घाटाची थोरवी वेगळी. प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावाहून तो पोलादपूरच्या बाजूस उतरतो. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तिचे एक कारण अशा घाटवाटांवरील हुकमत हेच होते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध झाला तो याच परिसरात. पार गावाजवळ कोयनेवरील शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आजही उभा आहे. पुढे १८२८ मध्ये महाबळेश्वर हे इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण झाले, तेव्हा मुंबईचे साहेब समुद्रमार्गे बाणकोटला व सावित्रीतून महाडकडे येत आणि पालखीत बसून पार घाट चढत. १८७६ मध्ये फिट्झजेराल्ड घाटाचा, म्हणजे आजच्या आंबेनळी घाटाचा, गाडीरस्ता खुला झाला आणि पार घाटाचे वैभव ओसरले. लढाईत नव्हे, तर शेजारी सोपा रस्ता निघाल्याने एक राजमार्ग संपला.

वसईच्या वाचकांना आणखी एक दुवा सांगावासा वाटतो. १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळच्या लढाईत होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव सिंहगड, रायगड, महाड करीत किनारा गाठून जलमार्गे वसईस पोचला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाकडे जाणारी वाट अशी महाडवरून गेली होती.

वाट कोणाची, हा प्रश्नही महाडनेच देशापुढे मांडला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. पण कागदावरचा हक्क पायाखाली आला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी महाडच्या रस्त्यांवरून शिस्तीने चालत चवदार तळ्यापर्यंत गेले आणि तेथील पाणी प्याले. सार्वजनिक म्हणवली जाणारी वस्तू सर्वांच्या वापरात आली तरच खऱ्या अर्थाने सार्वजनिक होते, हा धडा त्या पायी मोर्चाने दिला. घाटवाटांनाही तो लागू पडतो.

नंतरचा काळ वेगाचा. मुंबई-गोवा महामार्ग झाला. १९९३ मध्ये कोकण रेल्वे महाड तालुक्यातील वीरपर्यंत आली. २०२३ च्या गणेशोत्सवात पोलादपूर-खेड दरम्यानच्या कशेडी बोगद्यातून मोटारी धावू लागल्या. या सोयींचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. अडलेली बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोचते ती रस्त्यामुळेच. परंतु रस्त्यांनी या मुलखाला दुःखही दिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या उतारूंसह वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून ३० जण दगावले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे अख्खी वाडी डोंगराखाली गाडली गेली. हा सह्याद्री कोणाचीच घाई मानत नाही. जुन्या वाटाही दरडींपासून मुक्त नाहीत. मात्र त्या वापरणाऱ्यांना डोंगराची कुवत आणि पावसाचा स्वभाव ठाऊक असे. ते ज्ञान वाटेबरोबरच लोपत आहे.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात आम्ही घाटपायथ्याच्या एका वाडीत थांबलो होतो. पाणी देता देता घरातील आजी म्हणाल्या, “माझं माहेर वर, देशावर. लगीन झालं तवा याच वाटनं खाली आले. सणाला सकाळी निघायचं, दुपारच्याला आईच्या दारात. आता पोरं यष्टीनं फिरून जात्यात, त्यांना वाट ठावी न्हाई.” डांबरी रस्त्याने जवळ आणलेले माहेर त्यांच्या हिशेबी दूर गेले होते. वाट मोडते तेव्हा घाटावरची आणि घाटाखालची सोयरीकही विरळ होते, हे आम्हास त्या दिवशी उमगले.

मग करावे काय? क्लूनीची नक्कल येथे चालणार नाही. खोऱ्यातील मातीच्या रस्त्यांवर सायकल खुशाल चालवावी. कड्याची नाळ मात्र पायीच चढावी लागते, आणि पावसाळ्यात तिच्याकडे फिरकूही नये. सिमेंटच्या पायऱ्यांची तर मुळीच गरज नाही. आपल्याकडील गावनकाशांत पायमार्ग तुटक रेषेने दाखवण्याची जुनी पद्धत आहे. त्या रेषा ग्रामसभेने वाचून घ्याव्यात, वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर गावाने मिळून झाडोरा काढावा, आणि वाटेवरच्या टाक्यांची, खिंडींची, देवस्थानांची नावे जाणत्या माणसांकडून लिहून ठेवावीत. या कामाला मोठा निधी लागत नाही. मात्र ती नावे सांगणाऱ्या आजी-आजोबांचे वय थांबत नाही, म्हणून ते याच हिवाळ्यात सुरू व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.