कडधान्यांतील प्रथिने, पेप्टाइड बंध आणि कमला सोहोनी यांचे संशोधन

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले असून त्याची ख्याती जिल्ह्याबाहेरही आहे. हा घेवडा असो वा सांगलीकडील पावटा, रात्रभर भिजवून पूर्ण शिजवल्याखेरीज तो पानात वाढला जात नाही. ही रूढी केवळ दाणा मऊ व्हावा एवढ्यासाठी नाही. तिच्यामागे प्रथिनांच्या रचनेचा एक प्रश्न आहे आणि त्याच्या उलगड्यात एका मराठी स्त्री-वैज्ञानिकाचा वाटा आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची शृंखला, ही कल्पना फ्रान्झ हॉफमायस्टर व एमिल फिशर यांनी १९०२ साली कार्ल्सबाड येथील परिषदेत एकाच दिवशी, परंतु स्वतंत्रपणे मांडली. एका आम्लाचा कार्बॉक्सिल गट आणि दुसऱ्याचा अमिनो गट यांतून पाण्याचा एक रेणू निघून जातो व जो दुवा उरतो, तो पेप्टाइड बंध होय. हा बंध चिवट असतो. तो प्रयोगशाळेत पूर्णपणे तोडण्यासाठी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे ११० अंश सेल्सिअस तापमानास २४ तास तापवावे लागते. साध्या उकळण्याने तो तुटत नाही.

मग उकळल्याने बदलते काय? बदलते ती घडी. पेप्टाइड बंधातील सहा अणू एका प्रतलात राहतात, ही गोष्ट लायनस पॉलिंग व रॉबर्ट कोरी यांनी आधाराला घेतली आणि १९५१ मध्ये अल्फा सर्पिलाची मांडणी केली. दोन प्रतलांमधील वळणे कोणत्या मर्यादेत शक्य आहेत, याचा नकाशा मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. शृंखलेची ही घडी मुख्यतः हायड्रोजन बंधांसारख्या दुर्बळ आकर्षणांवर टिकते. उष्णतेने ती आकर्षणे सुटतात, घडी उलगडते. शृंखला मात्र अखंड राहते.

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचे नाव निघाले की १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, हा प्रसंग सांगितला जातो. प्रसंग खरा आहे व तो सांगितलाही पाहिजे. पण बहुतेक लेखन तेथेच थांबते, हे त्यांच्या विज्ञानावर अन्याय करणारे आहे. त्या संस्थेत त्यांचा विषय दूध व कडधान्ये यांतील प्रथिने हाच होता. केंब्रिज येथे १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन करू लागल्या. तेथे त्यांचे लक्ष पुन्हा कडधान्यांकडे वळले. पावटा व डबल बी यांतील ट्रिप्सिनरोधक त्यांनी सहकाऱ्यासह स्फटिकरूपात वेगळे केले. हे संशोधन १९५५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारे विकर लायसिन व आर्जिनिन यांच्या पुढील पेप्टाइड बंध तोडते. रोधक प्रथिन नेमका तसाच एक बंध त्याच्यापुढे धरते. विकर त्यावर घट्ट बसते. पण तुकडे सहज सुटे होत नाहीत आणि विकर अडकून पडते. कच्च्या दाण्यातील प्रथिन पोटात जाऊनही पुरते पचत नाही, त्याचे एक कारण हे. रोधकाची घडी उलगडली की ही पकडही सुटते.

मात्र सर्व रोधक सारखे नसतात. कृष्णाकाठी आता मोठ्या प्रमाणावर घेतल्या जाणाऱ्या सोयाबीनमध्ये दोन प्रमुख प्रकार आढळतात. कुनिट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा रोधक १८१ अमिनो आम्लांचा असून त्यात दोनच डायसल्फाइड बंध आहेत. बोमन-बर्क रोधक अवघ्या ७१ आम्लांचा, पण त्यात असे सात बंध आहेत. डायसल्फाइड बंध हे दुर्बळ आकर्षण नव्हे, तो खरा रासायनिक टाका आहे. त्यामुळे पहिला उष्णतेने तुलनेने लवकर निकामी होतो, तर दुसरा बराच वेळ तग धरतो. घेवडा व पावटा यांतील रोधक या दुसऱ्या कुळातले आहेत.