ताजी भाजलेली कॉफी : कळमना ते चिखलदरा

विदर्भाच्या मातीत पिकणारे बहुतेक सारे काही नागपूरच्या कळमना बाजारात पाहावयास मिळते. संत्री, मिरची, धान्य, कांदा-बटाटा, भाजीपाला अशा सर्व मालाची येथे आवक होते, बोली लागते आणि त्या दिवसाचा भाव ठरतो. ज्याला ताजा माल ओळखता येतो, अशा ग्राहकाला कळमन्यात फसविणे सोपे नाही. मात्र हाच ग्राहक कॉफी घेण्यास निघाला, की त्याची ही पारख उपयोगी पडत नाही. कॉफी कळमन्यात येत नाही आणि किराणा दुकानातील पाकिटावर ती कधी भाजली याचा उल्लेख बहुधा नसतो. नागपूरसारख्या शहरात ताजी भाजलेली, तीही शक्यतो जवळची कॉफी कशी मिळवावी, याची माहिती म्हणूनच उपयुक्त ठरावी.

कळमन्यात कॉफी का नाही?

कॉफी हे शेतमालच असले, तरी तिचा व्यापार वेगळ्या वाटेने वाढला. १९४२ मध्ये कॉफी मंडळ स्थापन झाले आणि मळेवाल्यांनी आपला माल मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावा, असा नियम आला. मंडळ त्याची प्रतवारी करून लिलाव करी आणि मळेवाल्याला पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी तेवढी त्याला ठेवता येई. १९९२ नंतर हे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९९६ मध्ये विक्री पूर्णपणे खुली झाली. अर्धशतकाहून अधिक काळ सर्व मळ्यांचा माल एकत्र होत असल्याने ‘अमुक मळ्याची कॉफी’ अशी ओळख ग्राहकापर्यंत पोहोचणे अवघडच होते. मळ्याचे नाव आणि भाजण्याची तारीख छापलेली पाकिटे ही त्यानंतरच्या काळातील गोष्ट आहे. २०१३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ब्ल्यू टोकायसारख्या व्यावसायिकांनी ही पद्धत शहरी ग्राहकांत रुजविली.

देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. त्याखालोखाल केरळ आणि तामिळनाडू यांचा क्रमांक लागतो. आंध्र प्रदेशातील अराकू आणि ओडिशातील कोरापूट हे त्यामानाने नवे पट्टे होत. साहजिकच लिलाव, प्रक्रिया आणि भाजणी यांची केंद्रे दक्षिणेत राहिली. नागपुरात कॉफी येते ती किराणा मालाच्या वाटेने किंवा थेट भाजणाऱ्यांकडून टपाल-कुरिअरने.

जवळची कॉफी : चिखलदरा

नागपूरकरांना ‘आपली’ म्हणता येईल अशी कॉफी अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याची. नागपूरहून सुमारे २३० किलोमीटरवर, गाविलगडाच्या डोंगरात, सुमारे १,१०० मीटर उंचीवर हे थंड हवेचे ठिकाण आहे. कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये ते प्रथम पाहिल्याचे सांगितले जाते. महाराष्ट्रात कॉफी पिकणारे एकमेव ठिकाण असा चिखलदऱ्याचा उल्लेख नेहमी केला जातो. उंची, भरपूर पाऊस, पाण्याचा निचरा होणारे उतार आणि झाडांची सावली या कॉफीच्या गरजा विदर्भात इतरत्र एकत्र सापडणे कठीण. सपाटीवरचा उन्हाळा या झाडाला सोसत नाही.

हे उत्पादन दक्षिणेच्या तुलनेत अगदीच थोडे असल्याने ते नागपूरच्या दुकानांत नियमित मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. चिखलदऱ्यास जाणाऱ्या पर्यटकाने तेथेच चौकशी करणे हा सरळ मार्ग. तेथे ‘स्थानिक कॉफी’ म्हणून पूड घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : बी कोणत्या मळ्यातील आहे, ती केव्हा भाजली आणि तीत चिकोरी मिसळली आहे काय? शक्य असेल तर पूड न घेता अख्खी बी घ्यावी. स्थानिक नावाखाली बाहेरची पूड विकली गेली, तर तोटा ग्राहकाचा होतो आणि खऱ्या उत्पादकाचाही. प्रश्न विचारणारा ग्राहक हाच अशा लहान उत्पादकाचा खरा आधार असतो.

शहरात शोध कोठे घ्यावा?

इतवारीच्या किराणा बाजारात आणि दाक्षिणात्य वस्तूंच्या दुकानांत फिल्टर कॉफीची पूड मिळते. दुकानात दळण्याचे यंत्र असेल, तर बी आपल्यासमोर दळून मागावी. अलीकडच्या काळातील कॉफीगृहांपैकी काही स्वतः बी भाजतात, तर काही बाहेरून मागवितात. अशा ठिकाणी पेल्याची किंमत विचारण्याआधी भाजणीचा वार विचारावा. कोणत्या दिवशी भाजणी होते हे ठाऊक झाले, की खरेदीचा दिवस आपोआप ठरतो. ओळखीची चार-पाच कुटुंबे एकत्र आली, तर दक्षिणेतील भाजणाऱ्याकडून महिन्याला एकदा माल मागविणेही परवडते.

पाकिटावरील काही शब्दांचा अर्थ माहीत असावा. ‘प्लँटेशन’ म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळविलेली अरेबिका. धुतलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळविलेली बी. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा भरलेली बी. अरेबिकाचा स्वाद नाजूक आणि किंचित आंबूस, तर रोबस्टा कडवट, दाट आणि अधिक कॅफीनची.

ताजेपणाची परीक्षा

कच्ची, हिरवट बी कोरड्या जागी अनेक महिने टिकते. भाजल्यानंतर मात्र तिचे आयुष्य मोजके होते. भाजताना बीमध्ये कर्बवायू तयार होतो आणि पुढे काही दिवस तो बाहेर पडत राहतो. म्हणूनच चांगल्या पाकिटाला एकेरी झडप असते. भाजल्यावर चार-पाच दिवस मुरलेली बी उत्तम लागते. साधारण महिनाभरात तिचा सुगंध ओसरू लागतो. दळलेली पूड तर काही दिवसांतच फिकी पडते. गरम पाणी ओतताच पूड फसफसून फुगली, तर बी ताजी समजावी. पूड निपचित राहिली, तर ती जुनी असण्याचा संभव अधिक.

चिकोरी ही एका मुळाची भाजलेली पूड. ती मिसळणे बेकायदा नाही. मात्र अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापलेले असावे, असा नियम आहे. घरच्या घरी पडताळा घेण्यासाठी थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाकावी. कॉफी काही वेळ तरंगते. चिकोरी रंगाच्या तपकिरी रेघा सोडत झटकन तळाशी जाते.

घरी भाजावयाची असल्यास

मसाला घरी भाजणाऱ्या वऱ्हाडी-नागपुरी स्वयंपाकघराला कॉफी भाजणे अवघड नाही. जाड बुडाच्या लोखंडी कढईत मूठ-दोन मूठ कच्ची बी मध्यम आचेवर सतत हलवत राहावी. बी प्रथम पिवळी, मग तपकिरी होते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला लाह्यांसारखी तडतडते. हा पहिला तडतडाट ओसरला, की सौम्य भाजणी झाली. फिल्टरसाठी आणखी थोडे गडद करावे. लगेच सुपात ओतून, कोंडा पाखडून बी थंड करावी. धूर बराच होत असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एक किलो कच्च्या बीची भाजल्यावर साधारण ८२० ते ८५० ग्रॅम कॉफी उरते, हे भावाचा हिशेब करताना ध्यानात घ्यावे.

मिरची-मसाल्याच्या कांडप यंत्रावर कॉफी कधीही दळू नये; तिखटाचा वास तिला चटकन लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा बी घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातील सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. रोजच्या वापराचा डबा फ्रिजमध्ये ठेवल्यास तो उघडताना ओल धरते.

थोडक्यात, एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच कॉफी घ्यावी, शक्यतो अख्खी घ्यावी आणि भाजणीची तारीख विचारल्याखेरीज पैसे देऊ नयेत. कळमन्यात मिरचीचा देठ पाहून भाव करणाऱ्या ग्राहकाने कॉफीच्या दुकानातही तेवढेच चोखंदळ असावे.