ग्रामोफोनचा नक्षीदार कर्णा आणि मिरज-सांगलीचा स्वर

दक्षिण महाराष्ट्राच्या सांगीतिक इतिहासात मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सांगलीच्या रंगभूमीला जे स्थान मिळाले, ते ग्रामोफोनच्या कर्ण्याला मिळालेले नाही. वास्तविक विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या भागातील गायकांचा आवाज टिपला गेला तो कर्ण्यातूनच, आणि मैफलीबाहेरच्या श्रोत्याच्या कानी पडला तोही कर्ण्यातूनच. रंगवलेल्या व नक्षीदार कर्ण्यांचा संग्रह आज बहुधा दिवाणखान्याची शोभा म्हणून केला जातो; परंतु असा प्रत्येक अस्सल कर्णा हा श्रवणाच्या इतिहासाचा दस्तऐवज असून त्याचे जतनही दस्तऐवजाच्या शिस्तीनेच व्हावयास हवे.

एडिसनने १८७७ मध्ये तयार केलेला फोनोग्राफ आवाज वृत्तचितीवर, म्हणजे नळकांड्यावर, नोंदवीत असे, तर बर्लिनरने १८८७ मध्ये मांडलेला ग्रामोफोन सपाट तबकडीवर चाले. दोन्ही यंत्रांत सुईची थरथर एका पातळ पडद्याला पोहोचे. पण पडदा लहान असल्याने तो स्वतः फारशी हवा हलवू शकत नसे, आणि म्हणून त्याच्यापुढे हळूहळू रुंदावत जाणारी नळी, म्हणजे कर्णा, जोडावी लागे. कर्ण्याचे तोंड जितके मोठे, तितके खालचे स्वर अधिक भरीव उमटत. आरंभीचे कर्णे लहान, सरळ आणि पितळी किंवा काळ्या रंगाचे होते. पुढे कर्ण्याचा भार सुईवर न पडता यंत्राच्या मागील आधारावर पडेल अशी निमुळत्या भुजेची रचना अमेरिकेत रूढ झाली, आणि मोठा, जड, सजवलेला कर्णा त्यानंतरच शक्य झाला.

१९०४-०५ च्या सुमारास प्रचारात आलेला पाकळ्यांचा कर्णा ही या सजावटीची परमावधी मानावी लागेल. पत्र्याच्या लांबट पट्ट्या कडेला कडा दुमडून जोडल्या की धोत्र्याच्या फुलासारखा बाहेर उमलणारा आकार तयार होई. सांध्यांवर सोनेरी रेघ ओढली जाई, बाहेरून काळा, तांबडा, निळा वा हिरवा रंग देऊन तो भट्टीत पक्का केला जाई, आणि काही कर्ण्यांच्या आतील पाकळ्यांवर कुंचल्याने गुलाबाची वा वेलीची फुले काढली जात. लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून केलेले कर्णे स्वराला मऊपणा देणारे म्हणून अधिक किमतीला विकले जात. एडिसनच्या कंपनीने १९०९ मध्ये आणलेला हंसाच्या मानेसारखा वळणदार कर्णा आणि काचेचे अत्यंत विरळ कर्णे यांना संग्राहकांच्या जगात आजही मोठा मान आहे.

भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले, आणि पुढे मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या पहिल्या तबकड्या १९०४-०५ च्या ध्वनिमुद्रण-फेरीत निघाल्या. त्या वेळी मायक्रोफोन नसल्यामुळे गायकाला ध्वनिमुद्रण-यंत्राच्या कर्ण्याच्या तोंडाशी जवळजवळ चेहरा नेऊन गावे लागे, तार षड्जावर किंचित मागे सरावे लागे, आणि सुमारे तीन मिनिटांत राग आटोपून अखेरीस स्वतःचे नाव पुकारावे लागे. कारण १९०८ मध्ये कलकत्त्यास कारखाना सुरू होईपर्यंत तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तेथील कामगारांना ध्वनीवरून गायक ओळखणे अशक्य होते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी याच खाँसाहेबांच्या साहाय्याने बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९११ मध्ये न्यायाधीश क्लेमंट्स यांच्यासह साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन केली. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात स्वराचे इतके बारीक मोजमाप चालू असताना त्याच स्वराची नोंद करणारा कर्णा मात्र ढोबळमानाने सेकंदाला दोन-अडीच हजार कंपनांपलीकडचे फारसे काही पकडू शकत नव्हता.

ही मर्यादा मिरजेच्या संदर्भात विशेष जाणवते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत तंतुवाद्यनिर्मितीचा पाया घातला, आणि तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर परिसरातील भोपळा, त्यावर बसवलेली कोरीव पाने आणि जवारीतून, म्हणजे घोडीवर तार घासून उमटणाऱ्या झंकारातून, निघणारे सूक्ष्म उपस्वर यांत नाद आणि नक्षी एकत्र नांदतात. कर्ण्याच्या कारागिरांचाही हेतू नादाला रूप देण्याचाच होता. परंतु तंबोऱ्याचे उपस्वर कर्ण्यातून गाळले जात, आणि श्रोत्याच्या वाट्याला मुख्यतः गळ्याचा आकार येई. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रण आले आणि खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातील ओडियन कंपनीच्या तबकड्यांत तो गळा पुष्कळ भरून आला. मिरजेतच १९०५ मध्ये ‘शाकुंतल’ नाटकातून पदार्पण करणाऱ्या बालगंधर्वांची नाट्यपदेही तबकड्यांवरूनच नाटकमंडळ्या न पोहोचणाऱ्या गावांपर्यंत गेली.

अमेरिकेत १९०६ पासून कर्णा पेटीच्या आत दडवलेली यंत्रे निघू लागली, आणि १९३१ मध्ये आलेल्या ‘एचएमव्ही १०२’सारख्या, पेटीसारख्या उचलून नेता येणाऱ्या ग्रामोफोननंतर बाहेरचा कर्णा अडगळीत गेला. गेल्या काही दशकांत जुन्या यंत्रांच्या मागणीने नवी नक्कल जन्माला घातली असून, पोर्टेबल यंत्राची जुनी चावी-मोटर, कोरीव पेटी आणि नवा पितळी कर्णा एकत्र करून ‘अस्सल’ म्हणून विकले जातात. अशा कर्ण्याचे पितळ एकसारखे झळझळीत असते, कोपराचा, म्हणजे वळणाच्या तुकड्याचा, डाग ओबडधोबड असतो, आणि आधाराच्या कंसात कर्णा नीट बसत नाही. उलट अस्सल रंगाला बारीक भेगांचे जाळे पडलेले असते व सोनेरी रेघ हाताळणीच्या जागी झिजलेली असते.

म्हणूनच अस्सल कर्णा पुन्हा रंगवणे किंवा घासूनपुसून चकचकीत करणे ही त्याची हानीच होय. महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत आणि २००५ व २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात बुडालेल्या सांगलीत पत्र्याला गंज चढण्याचे भय अधिक असल्याने तो कोरडा, जमिनीपासून उंच आणि मऊ कापडाने झाकून ठेवणे अगत्याचे आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्यांच्या सूची आणि माहिती जपण्याची जी वाट घालून दिली, तीच कर्ण्यांनाही लागू करता येईल. कर्णा कोणत्या घरातून आला, कोणत्या यंत्रावर होता आणि त्याच्यासोबत कोणत्या तबकड्या सापडल्या, ही नोंद त्याच्या फुलांइतकीच मोलाची आहे. ती हरवली की उरते ती केवळ शोभेची वस्तू, आणि ती राखली तर मिरज-सांगलीच्या श्रोत्याने शतकापूर्वी नेमके काय ऐकले असेल याचा विश्वासार्ह पुरावा पुढील संशोधकाच्या हाती लागतो.