वॅरोचा हिशोब आणि माझा हुकलेला माज

आमच्याकडे दोन डुकरिणी आहेत, नर नाही. गेल्या पावसाळ्यात एकीची पिल्लं तोडली. पाचव्या दिवशी तिची निरण लाल, सुजलेली दिसली. पाठीवर दाब दिला तर पळाली. म्हटलं, अजून वेळ आहे. तीन दिवसांनी शेजारच्या गावचा नर आणला, तर ती त्याला जवळ येऊ देईना. माज संपला होता. पुढचा माज यायला २१ दिवस, आणि तोवरचं खाद्य अंगावर. मग हे काम जुने लोक कसं करायचे, ते वाचायला घेतलं.

रोममधल्या वॅरोने इ.स.पू. ३७ च्या सुमारास, वयाच्या ८० व्या वर्षी, बायकोने जमीन घेतली म्हणून तिच्यासाठी शेतीचं पुस्तक लिहिलं. त्यात डुकरांचा हिशोब आहे: चार महिने गाभण, दोन महिने दूध, म्हणजे वर्षाला दोन वेतं. मादी वर्षाची होण्याआधी लावू नये, वीस महिने थांबलं तर उत्तम. नर दोन महिने आधी वेगळा ठेवावा. भरवायचा काळ फेब्रुवारीतल्या पश्चिम वाऱ्यापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत, म्हणजे पिल्लं तिकडच्या उन्हाळ्यात, रानात चारा असताना जन्मतात.

हा हिशोब आजही जवळजवळ तोच आहे. गाभणकाळ ११४ दिवसांच्या आसपास: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. पिल्लं मात्र आपण चार-पाच आठवड्यांत तोडतो. पण वॅरोचा हिशोब महिन्यांचा. नर दावणीला असला की नेमका दिवस तोच हेरतो. नर परगावचा असला किंवा कृत्रिम रेतन करायचं असलं, की दिवस माणसाने ओळखायचा. माझं तिथेच चुकलं.

याचं उत्तर फ्रान्समध्ये सापडलं. १९६० च्या दशकात सिन्योरे आणि सहकाऱ्यांनी माजावरच्या माद्यांच्या पाठीवर दाब देऊन पाहिला. नर आसपास नसताना जेमतेम निम्म्या-साठ टक्के माद्या उभ्या राहिल्या. नराचा वास आणि आवाज मिळाल्यावर दहापैकी नऊ राहिल्या. पुढे नराच्या लाळेतला हा वास देणारं द्रव्य ओळखलं गेलं आणि त्याचे फवारेही निघाले.

म्हणजे माझी मादी माजावर असावी, तिला फक्त नराची चाहूल नव्हती.

आता असं करतो. पिल्लं तोडल्याची तारीख वहीत. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ नाकापुढे फवारा मारून पाठीवर दाब. कान टवकारून दगडासारखी उभी राहिली, की १२ आणि २४ तासांनी भरवायचं, कारण बीज माजाच्या उत्तरार्धात सुटतं. मग १८ ते २४ व्या दिवशी पुन्हा तपासायचं, उलटली का ते.

परक्या नराची लाळ फडक्यावर आणायचा मोह टाळा. त्या फडक्यासोबत स्वाइन फीवरही घरात येतो.

महिन्याचा हिशोब वॅरोने शिकवला. दिवस मात्र आपणच गोठ्यात उभं राहून बघायचा.